गुलाबी कुंची आणि सासऱ्यांचा फ्रॉकमधला फोटो

या आठवड्याचं पत्र:

'मावशी, माझा मुलगा पाच महिन्यांचा आहे. संक्रांतीनंतर बोरनहाण करायचं ठरलंय. सासूबाईंनी ट्रंकेतून एक कुंची काढली. खणाची, राणी रंगाची, जरीच्या काठाची, पाठीवर मोत्यांचे झुबके. आधी ती सासऱ्यांनी घातली होती, मग माझ्या नवऱ्यानं. आता नवराच म्हणतो, "गुलाबी नको, मुलगी वाटेल." त्यानं काळा कुर्ता आणि जॅकेट असा सेट ऑनलाइन मागवलाय. माझ्या आईचं म्हणणं, एवढ्याशा जिवाला काळं घालूच नका. त्यात ट्रंकेच्या तळाशी सासऱ्यांचा १९५२ सालचा फोटो सापडला. वय दोन वर्षं, अंगात झालरीचा फ्रॉक आणि नाकात बारीकशी तार. भाऊजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर सगळे हसत होते. सासरे काहीच बोलले नाहीत, पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले. मी बाजू कुणाची घेऊ?
– गोंधळलेली आई, कोथरूड'

अगं गोंधळलेल्या आई,

तू विचारलंस कुंचीबद्दल, पण तुझ्या पत्रातली खरी गाठ त्या फोटोत आहे. कुंची इतकी वर्षं ट्रंकेत राहिली, अजून थोडी थांबेल. आधी सासऱ्यांकडे जाऊ.

फ्रॉकचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या अंगात फ्रॉक असण्यात त्या काळी हसण्यासारखं काही नव्हतं. तुमच्या नात्यातले जुने अल्बम काढून बघ. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर उंच स्टुलावर बसवलेलं, गालाला तीट लावलेलं, फ्रॉकमधलं मूल दिसेल, आणि तो मुलगा की मुलगी हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय कळायचं नाही. मी सदाशिव पेठेत तीस वर्षं शिवणाचे वर्ग घेतले. पहिल्या महिन्यात लंगोट, झबलं, टोपडं, आणि ते जमलं की बेबी फ्रॉक. वहीत मापं लिहायची ती वयाची: सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं. मुलगा-मुलगी असा रकानाच नव्हता. चड्डी आणि शर्ट यायचे ते तीन वर्षांच्या मापापासून पुढे.

याचं कारण धुण्याच्या बादलीत आहे. दिवसातून दहा-बारा लंगोट व्हायचे. फ्रॉक वर केला, ओलं काढलं, कोरडं बांधलं, फ्रॉक खाली सोडला, संपलं काम. नाडीची नाहीतर बटणांची चड्डी दर तासाला सोडबांध करून बघ म्हणजे कळेल. वापरून फेकायचे डायपर अमेरिकेतसुद्धा घरोघरी गेले ते १९६० नंतर. आणि दुसरं म्हणजे वाढतं अंग. कापड मोजून आणलेलं असायचं. फ्रॉकच्या घेराला खाली चार बोटं दुमड ठेवायची आणि मूल वाढलं की उसवून फ्रॉक लांब करायचा. उसवलेल्या जागी जुन्या दुमडीची रेघ उठून दिसते, ती झाकायला वरून लेस नाहीतर झालर लावायची. तुझ्या सासऱ्यांच्या फ्रॉकची झालर कुठे आहे ते भिंगातून बघ बरं. तळापासून चार बोटं वर असेल तर ती हौसेची नाही, काटकसरीची आहे. पुणेरी म्हण हवं तर.

आणि हे काही आपलंच नव्हे. विलायतेत तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मुलगे चार-पाच, कधी सात वर्षांचे होईपर्यंत झग्यात असत. मग एके दिवशी पहिली विजार चढवायची. त्या प्रसंगाला ते ब्रीचिंग म्हणत. घरात तो सोहळाच असे आणि मूल आईच्या हातून बापाच्या हाती गेलं असं मानत. आपल्याकडे ज्या घरांत मुंजी होतात तिथे काय वेगळं होतं? आईच्या ताटात शेवटचं जेवण, आणि मग लंगोटी, मेखला, दंड. तिथे विजार मिळाली, इथे लंगोटी मिळाली, एवढाच फरक. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रुझवेल्ट यांचा १८८४ सालचा, अडीच वर्षांचे असतानाचा फोटो प्रसिद्ध आहे. पांढरा झगा, खांद्यापर्यंत केस, पायात चकचकीत बूट, मांडीवर पिसांची टोपी. तो त्यांच्या ग्रुपवर टाकला असता तर त्यांची आत्या म्हणाली असती, 'किती छान दिसतोय,' आणि विषय तिथेच संपला असता.

पण नाकातली तार निराळी. ती सोयीसाठी नसते.

तिला सुंकलं म्हणतात. मुलाच्या नाकात ते दिसलं की माझ्या पिढीतल्या बायकांच्या मनात पहिला प्रश्न एकच येतो: याच्या आधी किती गेले? ज्या घरात आधीचे मुलगे जगले नाहीत तिथे पुढच्या मुलाचं नाक टोचायचे, त्याला मुलीचे कपडे घालायचे, मुलीसारखे केस वाढवायचे. नाव ठेवायचं तेसुद्धा कुणाला हेवा वाटणार नाही असं: दगडू, धोंडू, केरबा. नाक टोचलेला तो नथू. नजर लागू नये, सटवाईनं फसावं, दाराशी टपलेल्या मरणाला वाटावं की इथे मुलगीच आहे आणि त्यानं पुढच्या घरी जावं. मुलगी मरणालासुद्धा नको असते, असा त्यामागचा हिशेब. तो मला आजही टोचतो, पण त्या आयांना मी नावं ठेवत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात जन्मलेल्या दर पाच बाळांमागे साधारण एक बाळ वर्षाच्या आत जात होतं. १९५० पर्यंत चित्र सुधारलं होतं, तरी भीती गेली नव्हती. भीती आकड्यांच्या पुष्कळ मागून चालते.

तुझ्या सासऱ्यांच्या आधी कुणी गेलं होतं की नाही, हे मला इथे बसून कसं सांगता येणार? कुणा आजीनं नवस म्हणून टोचलं असेल, कुणाचं बघून टोचलं असेल. पण ज्या माणसानं सत्तरी ओलांडली, ज्यानं तो फोटो फाडला नाही आणि भिंतीवरही लावला नाही, आणि ज्याला लोक हसताना गॅलरीत जाऊन बसावंसं वाटलं, त्याला त्या तारेची गोष्ट ठाऊक असणार. भाऊजींना आजच सांग, ग्रुपवरून फोटो काढून टाका. भांडू नकोस, नुसतं सांग. मग दुपारचा चहा झाला, घरात वर्दळ नसली की बाळाला मांडीवर घेऊन सासऱ्यांजवळ बस आणि विचार, 'बाबा, तुमच्या आधी कुणी होतं का?' एवढंच. ते बोलले तर ऐक. नाही बोलले तर बाळ त्यांच्या मांडीवर दे आणि भाजी निवडायला घे. दुसऱ्यांदा विचारू नकोस.

कधी सगळी मिळून बाहेर पडलात तर शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. आपण पुणेकर पाहुणे आले की तिथे जातो, मस्तानी महाल बघतो आणि बाहेर येतो. त्या नावातला 'राजा' म्हणजे कुणी राजेमहाराजे नव्हेत. दिनकर केळकरांचा मुलगा लहानपणीच गेला, त्याचं ते नाव. दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्यं असं सगळं त्या माणसानं गावोगाव फिरून जमवलं आणि वर नाव लावलं मुलाचं. तुझे सासरे ती पाटी कशी वाचतात ते बघ.

आता गुलाबी. तुझ्या नवऱ्याला एकच विचार: 'लग्नात तुझ्या डोक्याला कुठल्या रंगाचा फेटा होता?' अर्ध्या पुण्याचे नवरदेव गुलाबी फेटा बांधून घोड्यावर बसतात, वरातीत मामा-काका तोच बांधून नाचतात, तेव्हा कुणाला मुलगी वाटल्याचं मी ऐकलेलं नाही. मग पाच महिन्यांच्या पोरालाच काय धाड भरली आहे?

मुलग्याला निळा आणि मुलीला गुलाबी हा नियम मोठा पुरातन असल्यासारखा सांगतात. तो तुमच्या कुंचीपेक्षा फार म्हातारा नाही आणि मुळात आपला तर नाहीच. विलायतेत आणि अमेरिकेत तान्ह्या बाळांना शतकभर पांढरंच घालत, कारण पांढरं उकळता येतं. रंगीत कपडा उकळला की रंग पाण्यात. कृत्रिम रंग १८५६ नंतर निघाले, हळूहळू ते धुण्यात टिकायला लागले, तेव्हा कुठे दुकानदारांना बाळांच्या रंगांचा विचार करायची चैन सुचली. १९१८ साली लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यापाराला वाहिलेल्या एका अमेरिकी मासिकानं सांगितलं की गुलाबी मुलग्यांना, कारण तो ठसठशीत, जोरकस रंग; आणि निळा मुलींना, कारण तो नाजूक! १९२७ मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं मोठमोठ्या दुकानांचा तक्ता छापला, तर त्यांच्यातच एकवाक्यता नव्हती. मुलींना गुलाबी हे तिकडे रुळलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. आणि १९८० च्या दशकात सोनोग्राफीत बाळ आधीच कळायला लागलं, तेव्हा ते पक्कं झालं. मुलगी कळली की खोली, पाळणा, दुपटं सगळं गुलाबी घेतात. पुढच्या वेळी मुलगा झाला की सगळं नव्यानं. दुकानदाराच्या दृष्टीनं याहून चांगला नियम कोणता?

आपल्याकडे ते आधी कळणं १९९४ च्या कायद्यानं बंद आहे, आणि त्यामागचं कारण फार वाईट आहे हे तुला ठाऊक आहे. पण त्या आधीही बाळाचे कपडे आंधळेपणानंच जमवले जात. बाळंतविडा शिवायचा तो आजोबांच्या जुन्या धोतराचा, आजीच्या विरलेल्या लुगड्याचा. कितीतरी घरांत बाळ जन्माला येईपर्यंत नवं कापड आणतच नसत, अपशकुन म्हणून. अपशकुन सोड, त्यातला शहाणपणा बघ. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं, रंग सोडतं. वीस वर्षं धुतलेल्या धोतराइतकं मऊ काही तुळशीबागेत मिळत नाही, लक्ष्मी रोडवरही नाही. हल्ली दुकानात शिरलं की काउंटरवरचा मुलगा विचारतो, 'बेबी बॉय की बेबी गर्ल?' मी म्हणते, 'बाळ. सहा महिन्यांचं. मऊ दाखव.' तो गोंधळतो, पण दाखवतो.

तुझ्या आईचं काळ्याबद्दलचं म्हणणं मी समजू शकते. एरवी बारशाला काळं आणलं तर मीही नाक मुरडीन. पण संक्रांत हा आपला एकच सण, ज्यात काळ्याला मान आहे. थंडीचे दिवस, काळं ऊन धरून ठेवतं. काळ्या झबल्यावर पांढरे हलव्याचे दागिने जसे उठून दिसतात तसे दुसऱ्या कशावर दिसणार? आईला सांग, झबलं तिनंच आणायचं. ज्याच्या हातानं कपडा येतो त्याची कुरकुर निम्मी होते, हा माझा अनुभव आहे. काळ्या सुती कापडाचं, पुढून उघडणारं, बंदांचं. डोक्यावरून ओढायचं आणू नका. या वयाची बाळं डोकं अडकलं की घर डोक्यावर घेतात.

राहिला नवऱ्याचा कुर्ता-जॅकेटचा सेट. त्याला वाटतंय तो काहीतरी नवीन आणतोय. लहान मुलांच्या फॅशनीतली सर्वांत जुनी खोड हीच आहे, मोठ्यांचे कपडे आखूड करून पोरांना चढवायचे. पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांना १७७४ साली पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते चाळीस दिवसांचे होते. ती वस्त्रं अंगाला कशी बसली असतील देव जाणे. निदान ती मानाची होती, अंगात घालून रांगायची नव्हती. युरोपातली जुनी चित्रं बघितली तर राजघराण्यातली चार वर्षांची पोर कमरेला ताठ चोळी आवळून उभी दिसते. तान्ह्या बाळांना तर पट्ट्यांनी गच्च गुंडाळून ठेवत. १६९३ मध्ये जॉन लॉक या इंग्रज विचारवंतानं आणि १७६२ मध्ये रूसो या विचारवंतानं त्यावर टीका केली, की मुलांना सैल कपडे घाला, हातपाय हलवू द्या. त्यानंतर मुलांसाठी म्हणून वेगळे कपडे शिवणं तिकडे अंगवळणी पडू लागलं. तरी हौस थोडीच सुटते? १८४६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या पोराला खलाशाचा पोशाख घालून त्याचं चित्र काढून घेतलं, आणि तेव्हापासून पाण्याशी काडीचा संबंध नसलेल्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या खलाशी झाल्या. आमच्या वर्गातही तो चौकोनी कॉलर शिकवायची मी. मुठा कोरडी असताना.

(गुंडाळण्यावरून आठवलं. तू बाळाला दुपट्यात गुंडाळत असशील तर हात-छाती बांध, पाय मोकळे ठेव. गुडघे दुमडून बेडकासारखे फाकता आले पाहिजेत. पाय सरळ ताणून गच्च बांधले तर खुब्याच्या सांध्याला धोका असतो. 'पाय सरळ होतात' म्हणून ताणून बांधायची आपल्याकडची पद्धत चूक आहे, मग ती कुणाच्याही आजीनं सांगितलेली असो. आणि बाळ कुशीवर वळायला लागलं असेल तर गुंडाळणं बंदच कर.)

तर सेट आला की उलटा करून आतून बघ. आतली शिवण मानेला घासते का, जॅकेटला अस्तर आहे का, बटणं ओढून बघितली तर हलतात का, टिकल्या चिकटवलेल्या आहेत का. बहुतेक वेळा उत्तर असं येईल की फोटोपुरतं ठीक आहे. मग फोटोपुरतंच घाला. दहा मिनिटं कुर्ता, बापाच्या मांडीवर, बापाची हौस. मग आईकडचं काळं झबलं. मग औक्षणाच्या वेळी कुंची. तीन कपडे बदलायला पाच महिन्यांचं मूल तयार होईल का, हा खरा प्रश्न आहे. ते रडायला लागलं की जे अंगात असेल तेच शेवटचं. बोरनहाणाचं सामान बाळाच्या अंगावर ओतताना हात हलका ठेवा, नुसते कुरमुरे पुरे. बोरं, हलवा, उसाचे करवे, गोळ्या-चॉकलेटं शेजारच्या मोठ्या मुलांच्या ओंजळीत घाला. या बाळाच्या हाताला लागलं की तोंडातच जाणार, आणि घशात अडकायला एक बोर पुरतं. हलव्याचा हार गळ्यात दोन मिनिटं, फोटो, की काढा.

आता कुंची. तू म्हणतेस त्यावरून ती ओढणीसारखी पाठीवर सोडलेली, हनुवटीखाली बंद असलेली कुंची आहे. चांगली कुंची शिवणं सोपं नसतं. माथ्यावरच्या चुण्या सारख्या पडल्या नाहीत तर बाळ टोपलीखाली झाकल्यासारखं दिसतं. ज्या बाईनं ती शिवली तिनं बहुधा स्वतःच्या चोळीसाठी आणलेल्या खणातून कापड काढलं असणार. सासूबाईंना विचार, त्यांना माहीत असेल. जुना खण आडव्या-उभ्या घड्यांवर विरतो, तेव्हा घडी जिथे आहे तिथे उजेडासमोर धरून बघ. विरला असेल तर आतून मलमलीचा तुकडा लावून धावदोरा घाल, वरून रफू करू नकोस.

पाठीवरचे मोत्यांचे झुबके एकेक ओढून बघ. दोरा इतका जुना आहे की धक्क्यानं तुटेल, आणि सुटलेला मोती बाळाच्या मुठीत सापडेल. सैल असतील ते उसवून डबीत ठेव. हनुवटीखालचे बंद आखूड कर, गाठ न मारता एक टिचबटण लावलंस तर उत्तम, ओढलं की सुटतं. कुंची घालून बाळाला झोपवायचं नाही, पाळण्यात तर मुळीच नाही. जागं असताना, कुणाच्या तरी मांडीवर, तेवढीच.

आणि एक गोष्ट आजच कर, ती थांबवू नकोस. ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या का ते सासूबाईंना विचार. जुन्या ट्रंकेत असतातच. काही बाळांच्या रक्तात एका एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, अशा बाळाला त्या गोळ्यांचा वास बसलेला कपडा घातला तर रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. तुझ्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून वास आला तर कुंची आधी आठ-दहा दिवस गॅलरीत सावलीत, वाऱ्यावर टांगून ठेव. मग ओल्या पांढऱ्या फडक्यानं आतल्या कोपऱ्यावर दाबून बघ, रंग सुटतो का. सुटत नसेल तर रिठ्याच्या गार पाण्यात दहा मिनिटं बुडवायची, चोळायची नाही, पिळायची नाही, टॉवेलवर पसरून सावलीत वाळवायची. रंग सुटत असेल तर पाण्यात घालू नकोस, नुसती हवा दे आणि आतून पांढरं मलमलीचं टोपडं घालून वर कुंची चढव. वास गेला की नाही याची खात्री तुझ्या नाकानं करू नकोस. तुला आता सवय झाली असेल. बाहेरून आलेल्या कुणाला तरी हुंगायला दे.

संक्रांत तोंडावर आलीच आहे, पण बोरनहाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं. कुंचीला वारा लागेपर्यंत थांबा.

– मावशी